चिन्हं बदलली, आबा म्हणतात मी नाही बदललो: बीडच्या मतदाराची गोष्ट

(ऑडिओ ऐकायला वेळ नसेल त्यांच्यासाठी हा एपिसोड लेखी. बोलताना जिथं अडखळलो ते काढलंय, बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय.)

मागच्या भागात आपण अमेरिकेतल्या निवडणुकांवर बोललो होतो. त्यावर आपल्याच जिल्ह्यातल्या एका श्रोत्याचा व्हॉइस मेसेज आला. तो म्हणतो, "दादा, तिकडं लोक आयुष्यभर एकाच पार्टीला धरून राहतात. आपल्या बीडला दर पाच वर्षाला नवं चिन्ह. आपल्याला निष्ठा म्हणून काही नाहीच का?"

खरं सांगतो, मला राग आला. मग वाटलं, राग येण्याआधी यादी तरी बघावी. म्हणून बीड लोकसभेची १९५२ पासूनची यादी काढली आणि आबांसमोर, म्हणजे माझ्या आजोबांसमोर बसलो. आबा आता ऐंशीला टेकलेत. केज तालुक्यातलं आमचं गाव. आयुष्यातली बरीच वर्षं हातात कोयता. आबांनी कणीस-विळ्याला मत दिलंय, चक्राला दिलंय, कमळाला दिलंय आणि घड्याळालाही दिलंय. आणि हा माणूस छातीवर हात ठेवून सांगतो, "म्या कधी बदललोच नाही."

आधी हसू आलं. यादी नीट वाचल्यावर हसू गेलं.

सुरुवात १९५२ पासून करू. तेव्हा बीड महाराष्ट्रात नव्हतं, हैदराबाद राज्यात होतं. निजामाचं राज्य सप्टेंबर १९४८ मध्ये संपलं होतं, त्याला जेमतेम तीन-साडेतीन वर्षं झालेली. देशभर काँग्रेसची लाट, नेहरूंचा काळ. आणि आपल्या जिल्ह्यानं पहिला खासदार कोण पाठवला? रामचंद्र गोविंद परांजपे, म्हणजे हैदराबाद मुक्तिसंग्रामातले बाबासाहेब परांजपे. पक्ष होता पीपल्स डेमोक्रॅटिक फ्रंट. हैदराबाद राज्यात कम्युनिस्ट पक्षावर बंदी होती, म्हणून डावी मंडळी या नावानं लढत होती. म्हणजे पहिल्याच निवडणुकीत बीडनं काँग्रेसला बाजूला ठेवलं.

१९५७ ला काँग्रेस आणि १९६२ ला द्वारकादास मंत्री, तेही काँग्रेसचेच. आणि मग १९६७.

१९६७ ला आबांचं पहिलं मतदान. तेव्हा मतदानाचं वय २१ होतं, १८ नंतर झालं. उमेदवार होते क्रांतिसिंह नाना पाटील. होय, तेच. पत्री सरकारवाले. येडेमच्छिंद्रचे, सातारा-सांगलीकडचे. दहा वर्षांपूर्वी, १९५७ ला, ते तिकडून खासदार झाले होते. वयाच्या ६६ व्या वर्षी हा माणूस भारतीय कम्युनिस्ट पक्षाच्या तिकिटावर मराठवाड्यात येऊन उभा राहतो आणि निवडून येतो. ना इथला गाववाला, ना सोयरा, ना कारखानदार. मी आबांना विचारलं, तुम्ही कम्युनिस्ट होता का? आबा म्हणाले, "ते काय असतंय मला काय ठाऊक? पटक्यावाला म्हातारा होता, आपल्यासारखा बोलायचा."

मार्क्स कुणी वाचला नव्हता. पण 'काँग्रेसवाल्यांच्या वाड्यावर हात जोडून उभं राहायचं नाही' एवढं गावातल्या बऱ्याच लोकांना कळत होतं, असं आबांच्या बोलण्यातून येतं.

१९७१ ला इंदिरा गांधींची लाट, गाय-वासरू चिन्ह, खासदार सयाजीराव पंडित. लगेच १९७२ चा दुष्काळ. हा दुष्काळ बीडच्या इतिहासातनं वगळता येत नाही. ऊस तोडायला पश्चिम महाराष्ट्रात जाणं त्यानंतर फार वाढलं. आबांनी पण त्यानंतरच कोयता घेतला. मुकादमाकडून उचल घ्यायची, दिवाळीच्या मागंपुढं बैलगाडी घेऊन निघायचं आणि उन्हाळा लागला की परत. पुढच्या सगळ्या राजकारणात हा माणूस, म्हणजे सहा महिने गावातच नसलेला मतदार, महत्त्वाचा आहे.

१९७७. आणीबाणीनंतरची निवडणूक. बीडनं निवडून दिले गंगाधर अप्पा बुरांडे, मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाचे. त्या वर्षी अख्ख्या महाराष्ट्रातनं या पक्षाचे तीनच खासदार झाले: मुंबईत अहिल्या रांगणेकर, डहाणूत लहानू कोम आणि बीडमधनं बुरांडे. आज कुणाला सांगितलं की बीडचा खासदार विळा-हातोड्यावर निवडून आला होता, तर पोरं म्हणतात एडिट केलंय. (आबा अजून म्हणतात, "आपण बुरांडेला निवडून दिलं." मतदान मार्चमध्ये होतं आणि आबा तेव्हा कोल्हापूर भागात फडात होते. मत दिलंच नव्हतं! पण ते वाक्य आबा सोडत नाहीत.)

१९८० आणि १९८४ ला काँग्रेसच्या केशरबाई (काकू) क्षीरसागर. १९८९ ला बोफोर्सचा गोंधळ, व्ही. पी. सिंगांची हवा आणि खासदार जनता दलाचे बबनराव ढाकणे. शेजारच्या पाथर्डीचे, ऊसतोड कामगारांच्या प्रश्नांवर बोलणारे. १९९१ ला पुन्हा काकू. १९९६ ला भाजपच्या रजनी पाटील.

आता इथं थांबा आणि चिन्हं विसरून यादी परत बघा. काँग्रेसच्या विरोधात, काँग्रेस, काँग्रेस, विरोधात, काँग्रेस, विरोधात, काँग्रेस, काँग्रेस, विरोधात, काँग्रेस, विरोधात. चव्वेचाळीस वर्षांत विरोधातला विजेता पाच वेळा आला आणि पाचही वेळा वेगळा पक्ष घेऊन आला. पीडीएफ, भाकप, माकप, जनता दल, भाजप. डाव्यांपासून थेट उजव्यापर्यंत.

पुस्तकी नजरेनं बघितलं तर हा मतदार वेडा आहे. आबांच्या नजरेनं बघितलं तर त्यानं एकच मत पाच वेळा दिलंय. गावात दोन गट. एक गट वाड्याचा, सोसायटीचा, पंचायत समितीचा, म्हणजे काँग्रेसचा. दुसरा गट त्यांना वैतागलेला. हा दुसरा गट दर वेळी बघायचा की यंदा टक्कर कोण देतंय, आणि त्याच्या गाडीत बसायचा. गाडी कुणाची, त्यावर झेंडा कोणता, हा नंतरचा प्रश्न. दर वेळी तीच माणसं होती असं मी म्हणत नाही, पण 'वाड्याच्या विरोधात' ही जागा कायम होती.

आणखी एक. त्या यादीतली आडनावं वाचा: परांजपे, मंत्री, पाटील, बुरांडे, क्षीरसागर, ढाकणे. आजच्यासारखं जातीचं गणित मांडून ही यादी तयार होत नाही. क्षीरसागर तेली समाजाचे, आणि काकू तीनदा खासदार. याकडं मी पुढं परत येणार आहे.

आता गोपीनाथ मुंडे. परळीजवळचं नाथ्रा गाव, जन्म १२ डिसेंबर १९४९. अंबाजोगाईत शिक्षण, तिथंच प्रमोद महाजनांची मैत्री, विद्यार्थी परिषद, मग पक्ष. १९८० ला रेणापूरमधून आमदार, १९८५ ला पडले, १९९० ला पुन्हा आले आणि १९९५ ला युती सरकारात थेट उपमुख्यमंत्री, गृहखातं हातात. भाजपला 'शेटजी-भटजींचा पक्ष' म्हणायचे त्या काळात वसंतराव भागवतांनी माळी, धनगर, वंजारी, म्हणजे 'माधव' अशी जुळणी मांडली होती. तिचा सगळ्यात मोठा चेहरा मुंडे.

पण नुसत्या माधवनं हिशेब लागत नाही. मुंडेंनी केलं काय, तर 'वाड्याच्या विरोधात' ही जी रिकामी जागा दर निवडणुकीला भाड्यानं जायची, ती कायमची घेतली. ऊसतोड कामगारांच्या दरवाढीच्या वाटाघाटीत कामगारांच्या बाजूनं ते बसायचे. फडातल्या माणसाला पहिल्यांदा वाटलं की मुंबईत आपलं कुणीतरी आहे. आमच्या घरी भिंतीवर भाजपचं कॅलेंडर कधीच नव्हतं. साहेबांचा फोटो होता.

मग आबांनी घड्याळाला मत कधी दिलं? मजा इथं आहे.

१९९९ ला राष्ट्रवादी निघाली आणि आपल्या जिल्ह्यातली बरीचशी काँग्रेस तिकडं गेली. त्यानंतर बीडचं राजकारण म्हणजे एसटी स्टँड. ऐका. जयसिंगराव गायकवाड १९९८ आणि १९९९ ला भाजपचे खासदार, वाजपेयींच्या सरकारात राज्यमंत्री. २००४ ला तेच राष्ट्रवादीचे खासदार. त्या वेळी त्यांच्यासमोर भाजपकडून उभे होते प्रकाश सोळंके. सोळंके पुढं राष्ट्रवादीचे आमदार झाले. २००९ ला मुंडे लोकसभेला उभे राहिले तेव्हा राष्ट्रवादीचे उमेदवार होते रमेश आडसकर. हेच आडसकर २०१९ ला माजलगावात भाजपकडून उभे, समोर राष्ट्रवादीचे सोळंके! २०१४ ला मुंडेंविरुद्ध राष्ट्रवादीकडून लढलेले सुरेश धस आज भाजपचे आमदार आहेत. आणि १९९६ ला कमळावर निवडून आलेल्या रजनी पाटील पुढं काँग्रेसकडून राज्यसभेत.

आमच्या केजचं तर विचारूच नका. विमल मुंदडा १९९० आणि १९९५ ला भाजपच्या आमदार. १९९९, २००४, २००९ ला राष्ट्रवादीच्या. पाच वेळा सलग, मधे झेंडा बदलला आणि केजला फरक पडला नाही. आबांचं घड्याळ ते हे. त्यांच्या सूनबाई नमिता मुंदडा २०१४ ला राष्ट्रवादीकडून पडल्या. २०१९ ला राष्ट्रवादीनं उमेदवारी जाहीर केली आणि त्यानंतर त्या भाजपमध्ये जाऊन निवडून आल्या. २०२४ लाही आल्या. आबा म्हणतात, "विमलताईला फोन केला की दवाखान्यात खाट मिळायची. घड्याळ का कमळ, खाटेला काय?"

इथं त्या श्रोत्याला माझं अर्धं उत्तर मिळतं. निष्ठा नव्हती असं नाही. निष्ठा माणसाला होती, आणि पार्ट्या बदलत होती ती माणसं.

पण हे उत्तर अर्धंच आहे, कारण मतदार दर वेळी माणसामागं गेलेला नाही. २०१९ ला जयदत्त क्षीरसागर, काकूंचे चिरंजीव, राष्ट्रवादी सोडून शिवसेनेत गेले, मंत्री झाले, आणि चारच महिन्यांनी बीड शहरात पुतण्या संदीपकडून दोन हजारांच्या आत मतांनी पडले. म्हणजे घर तेच, आणि घराच्या आतच मतदारानं निवड केली. परळीतही तसंच. २०१४ ला पंकजाताई आमदार, २०१९ ला चुलत भाऊ धनंजय यांनी त्यांना ३०,७०१ मतांनी पाडलं.

आणि २००९ तर मला सगळ्यात जास्त आवडतं. मे महिन्यात लोकसभेला मुंडे साहेब एक लाख चाळीस हजारांच्या फरकानं विजयी. ऑक्टोबरात विधानसभा: जिल्ह्यातल्या सहापैकी पाच जागा राष्ट्रवादीला! फक्त परळी भाजपला. पाच महिन्यांत तीच माणसं, तीच बूथं. दिल्लीला साहेब, मुंबईला आपला आमदार. लोकांनी वेगवेगळ्या कामाला वेगवेगळा माणूस ठेवला होता.

आता अमेरिका, कारण प्रश्न तिथनं सुरू झाला. तिकडं बऱ्याच राज्यांत मतदार म्हणून नाव नोंदवतानाच पक्ष लिहायची सोय असते. कल्पना करा, केजच्या तहसीलमध्ये फॉर्मवर असा रकाना आला तर! पण तिकडचे लोकही बदलले आहेत, फक्त सावकाश. दक्षिणेकडची राज्यं, अलाबामा, मिसिसिपी, जॉर्जिया वगैरे, गोऱ्या मतदारांच्या जोरावर कित्येक पिढ्या डेमोक्रॅट पक्षाची जहागीर होती. १९६४ ला डेमोक्रॅट अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी काळ्या नागरिकांना समान हक्क देणारा कायदा केला. त्याच वर्षी या पट्ट्यातल्या पाच राज्यांनी राष्ट्राध्यक्षपदासाठी रिपब्लिकन बॅरी गोल्डवॉटर यांना मतं दिली, देशात ते दणकून पडले तरी. पण घरी, राज्याच्या विधिमंडळात, अलाबामाचे लोक डेमोक्रॅटच निवडत राहिले. तिथलं विधिमंडळ रिपब्लिकनांकडं गेलं २०१० मध्ये. वर १९६४ ला बदल आणि खाली पोचायला सेहेचाळीस वर्षं. मधली बरीच वर्षं म्हणजे आपलं २००९: वर एक, खाली एक.

फरक मला दिसतो तो असा. तिकडं आधी मतदार हलला, पुढारी मागनं आले. आपल्याकडं पुढारी आधी उडी मारतो आणि मग मतदार ठरवतो की मागं जायचं का नाही. पण एका गोष्टीत दोन्हीकडं सारखंच आहे, आणि ती बोलायला मला जड जातंय. लोक सगळ्यात झटकन हलतात ते 'आपण कोण' हा प्रश्न आला की.

३ जून २०१४. मुंडे साहेब केंद्रात मंत्री होऊन आठवडाभर झाला होता. दिल्लीत गाडीचा अपघात. मी तेव्हा शाळेत होतो. आबा दोन दिवस जेवले नाहीत. ऑक्टोबरात पोटनिवडणूक झाली. राष्ट्रवादीनं उमेदवार दिला नाही, काँग्रेसनं दिला. प्रीतमताईंना ९,२२,४१६ मतं आणि फरक ६,९६,३२१. देशात तोवर इतक्या फरकानं कुणी लोकसभेला जिंकलं नव्हतं. आता जातीचा हिशेब लावा. जिल्ह्यात कुठल्याही एका जातीची नऊ लाख मतं नाहीत. मराठा, वंजारी, दलित, मुसलमान, धनगर, माळी, सगळ्यांची मतं त्यात होती. त्याच दिवशी विधानसभेचंही मतदान झालं, तिथं भाजप सहापैकी पाच.

२०१९ ला प्रीतमताई पुन्हा, १,६८,३६८ नं. पडलेले उमेदवार होते राष्ट्रवादीचे बजरंग सोनवणे.

मग सप्टेंबर २०२३ ची अंतरवाली सराटी. तिथं उपोषणाला बसलेले मनोज जरांगे मूळचे आपल्याच शिरूर कासार तालुक्यातल्या मातोरीचे. लाठीमार झाला, मराठा आरक्षणाचं आंदोलन पेटलं. दुसऱ्या बाजूनं ओबीसींच्या सभा सुरू झाल्या. ३० ऑक्टोबरला माजलगावात सोळंकेंचं घर आणि बीडमध्ये संदीप क्षीरसागरांचं घर जाळलं गेलं. दोघे वेगवेगळ्या गटांत होते, आगीला त्याचं काही नव्हतं.

१३ मे २०२४ ला मतदान. एकीकडं पंकजाताई, सोबत या वेळी भाऊ धनंजयही. दुसरीकडं तेच बजरंग सोनवणे, या वेळी शरद पवारांच्या तुतारीवर. ४ जूनला मतमोजणी रात्री उशिरापर्यंत चालली. सोनवणे ६,८३,९५०, पंकजाताई ६,७७,३९७. फरक ६,५५३. साहेबांना जाऊन दहा वर्षं आणि एक दिवस झाला होता.

आकडे सोडा. त्या दोन-तीन महिन्यांत काय झालं ते आपल्या जिल्ह्यातल्या प्रत्येकाला माहितीय. आमच्या दहावीच्या बॅचचा व्हॉट्सॲप ग्रुप होता, तो तुटला. 'अमक्याच्या दुकानातून माल घ्यायचा नाही' असे मेसेज मला दोन्ही बाजूंनी आले, भाषा एकसारखी, फक्त आडनावं उलटी. निकालानंतर काही समर्थकांनी जीव दिला. टोकाचं पाऊल उचलू नका म्हणून पंकजाताईंना हात जोडावे लागले. माझा एक जिवलग मित्र, पहिलीपासून एका बाकावरचा, माझ्याशी चार महिने बोलला नाही. मी पण फोन केला नाही, हे पण सांगायला पाहिजे. (तुमच्यातले काही जण आत्ता माझं आडनाव शोधत असणार. म्हणूनच सांगत नाही.)

पूर्वीची यादी आठवा. आबांच्या टोळीत दोन्ही समाजांचे लोक होते. एकाच मुकादमाची उचल, एकाच पालाशेजारी पाल. तेव्हा 'आपण' म्हणजे वाड्याबाहेरचे. २०२४ ला 'आपण'चा अर्थ बदलला. १९५२ पासून पक्ष इतक्यांदा बदलले, पण मला वाटतं मतदार खऱ्या अर्थानं हलला तो या वेळी.

का हे तात्पुरतं होतं? कारण सहाच महिन्यांनी, २० नोव्हेंबरला विधानसभा झाली आणि सगळं परत वेगळं. सोनवणेंच्या पक्षाला सहापैकी एकच जागा, बीड, तिथंही संदीप क्षीरसागर आणि चुलत भाऊ योगेश यांच्यातच लढत. बाकी पाच महायुतीला: आष्टीत धस, केजला मुंदडा, माजलगावात सोळंके, गेवराईत विजयसिंह पंडित आणि परळीत धनंजय मुंडे, तेही एक लाख चाळीस हजारांवर मतांच्या फरकानं. काही जण म्हणाले लाडकी बहीण, काही म्हणाले एकास एक लढत झाली नाही. माझा अंदाज असा की खासदारकीला 'आपण कोण' विचारलं गेलं, आणि आमदारकीला बऱ्याच ठिकाणी पुन्हा 'खाट कोण देतो' हा प्रश्न आला. अंदाजच आहे, चुकत असेन तर कमेंटमध्ये सांगा, शिव्या न देता.

मित्राचा फोन त्याच महिन्यात आला. त्याच्या वडिलांना ऊसतोडीच्या टोळीसाठी दोन जोड्या कमी पडत होत्या, आमच्या गल्लीतनं कुणी येतंय का म्हणून. निवडणुकीचं ना त्यानं काढलं ना मी.

आणि आबा. मतदानाच्या दिवशी मीच त्यांना मोटारसायकलवर शाळेत घेऊन गेलो. १९६७ पासून या माणसानं मत कुणाला दिलं ते कधी लपवलं नाही, केंद्राच्या दारातच मोठ्यानं सांगायचे, पोलीस गप्प करायचा. या वेळी शाई लावून बाहेर आले आणि गाडीवर बसले. मी विचारलं, "कुणाला दिलं आबा?"

म्हणाले, "चल घरी."